खालचे पट्टे, रात्रीची जागरणं: १६०, ८० आणि ४० मीटरबद्दल नाशिककर नेहमी विचारतात ते प्रश्न

थंडी पडली की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचं हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संदेशाचं) लायसन्स नुकतंच आलेलं असतं, कुणी गच्चीवर तार ताणून बसलेला असतो आणि 'खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही हो' ही तक्रार ठरलेली. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी इंदिरानगरला फ्लॅटमध्ये राहतो आणि माझी लांब तार निफाड तालुक्यात मेव्हण्याच्या द्राक्षबागेच्या बांधावर आहे. शहरातले आणि शेतातले, दोन्हीकडचे त्रास त्यामुळे अंगावर घेतले आहेत.

खालचे पट्टे म्हणजे नेमके कोणते?

हॅम मंडळी 'लो बँड' म्हणतात ते तीन: ४० मीटर, ८० मीटर आणि १६० मीटर. मीटर म्हणजे लहरीची लांबी. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लांबी मिळते. आपल्याकडे ४० मीटरला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, ८० मीटरला ३.५ ते ३.७ आणि वर ३.८९ ते ३.९ ची एक चिंचोळी पट्टी, तर १६० मीटरला १८२० ते १८६० किलोहर्ट्झ मिळतात. १६० ला फक्त ४० किलोहर्ट्झ, तेवढ्यात सगळं भागवायचं.

याच्याही खाली दोन पट्टे आहेत. ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हा २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशी सेवेला मिळाला आणि १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ २००७ च्या परिषदेत. जगाच्या पातळीवर मिळाला म्हणजे तुमच्या घरी आला असं नसतं. तुमच्या लायसन्सच्या परिशिष्टात जे पट्टे आणि जेवढी पॉवर छापलेली असेल, तेवढ्यावरच बोट ठेवायचं. ऐकायला मात्र कुठेही फिरा.

लायसन्स कसं काढायचं?

यावर मी फार लिहीत नाही, कारण हे सगळीकडे सापडतं. केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवरून जातो. वय किमान १२. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेण्या. रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन भाग. जनरलला मोर्स लागतं, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने.

मोर्सला घाबरून लोक रिस्ट्रिक्टेडवरच थांबतात. शिकाच, असं मी सांगेन. १६० मीटरवर गडगडाटात आवाज बुडून जातो तेव्हा 'डा-डी-डा-डी' तेवढी तरून येते. रोज अंघोळीआधी दहा मिनिटं, दोन-तीन महिन्यांत हात बसतो. चार्ट पाठ करू नका, कानाने शिका. ठिपके-रेघा मोजायची सवय एकदा लागली की ती मोडायला वर्ष जातं.

दुपारी रेडिओ लावला तर १६० मीटर मेल्यासारखा का असतो?

कारण दुपारी तो खरंच मेलेला असतो. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर सूर्याच्या उजेडाने एक पातळ थर तयार होतो, त्याला डी थर म्हणतात. तो लहरी परत पाठवत नाही, पिऊन टाकतो. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका जास्त पितो, साधारण वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल कसाबसा निसटतो, ३.५ ला चौपट मार बसतो आणि १.८ ला तर वर जाणारं सगळं गडप. सूर्य मावळला की हा थर अर्ध्या-पाऊण तासात विरतो, मग लहरी थेट अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या एफ थरापर्यंत पोचतात आणि तिथून परत फिरतात.

हे पुस्तकात वाचण्यापेक्षा घरातल्या जुन्या रेडिओवर बघा. मीडियम वेव्ह लावा. दुपारी मुंबईचं ५५८ किंवा पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ जमिनीच्या कडेकडेने जेवढं येईल तेवढंच. संध्याकाळी सहानंतर काटा हळूहळू फिरवत राहा. दुपारी जिथे सुनसान होतं तिथे सातला तीन-तीन भाषा एकमेकींच्या अंगावर बसलेल्या असतात. गुजराती बातम्या, मागे तेलुगू गाणं, मध्येच अरबी. आजोबांच्या काळी यालाच 'रात्री रेडिओ लांबचं पकडतो' म्हणत. डी थर विरतो म्हणूनच तो लांबचं पकडायचा.

नाशिकहून मुंबई-पुण्याशी बोलायला कसारा घाट आडवा येतो. मग ४० मीटरवर कसं जमतं?

व्हीएचएफचा (समोर दिसेल साधारण तेवढ्यावरच पोचणारा) हँडसेट घेऊन पांडवलेणी चढलात की नाशिक सापडतं, पण सह्याद्रीच्या पलीकडे पाहणं अवघड जातं. ४० आणि ८० मीटरला डोंगराचा प्रश्नच येत नाही, कारण आपण डोंगरावरून उडी मारतो. डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन पायांची तार) मुद्दाम खाली, सात-आठ मीटरवर टांगला की त्याची ताकद जवळजवळ सरळ वर जाते आणि कारंज्यासारखी चहूबाजूंना खाली पडते. तीन-चारशे किलोमीटरचं वर्तुळ त्यात भिजतं: मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, सगळं. नागपूर हवाई अंतराने साडेपाचशे किलोमीटर आहे, तेही बऱ्याचदा येतं.

सकाळी ७ ते १० ला ४० मीटर आणि दिवस मावळला की ८०, ही साधी सवय लावून घ्या. रात्री वरच्या थराची घनता उतरली की ७ मेगाहर्ट्झच्या उभ्या लहरी आकाश भेदून निघून जातात. तेव्हा पुण्याचा माणूस एकाएकी नाहीसा होतो आणि दूरचे परदेशी ठणठणीत येतात. रेडिओ बिघडला समजून नवखे तो उघडतात. उघडू नका, ८० वर जा.

मी फ्लॅटमध्ये राहतो. जमेल का?

४० मीटर नक्की, ८० ओढूनताणून, १६० पाठवणं जवळपास नाही.

४० चा डायपोल एकूण २० मीटर लागतो. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागायचं. मध्यभागी टाकीच्या खांबावर उचलून दोन्ही टोकं कठड्याकडे उतरवली, म्हणजे उलटा व्ही केला, की बहुतेक गच्च्यांवर बसतो. ८० ला ३९ मीटर लागतात, तेव्हा टोकं दुमडावी लागतात. दुमडा, त्याने फारसं बिघडत नाही. एका टोकातून भरायची अर्ध्या लहरीची तार ४९:१ च्या ट्रान्सफॉर्मरसह लावली तरी चालते आणि ती गच्चीवरून समोरच्या झाडाकडे नेता येते.

सोसायटीचं म्हणाल तर सेक्रेटरींना आधी भेटा, लायसन्सची प्रत हातात घेऊन. 'केबलवाला' हा शब्द त्यांच्या तोंडून येण्याआधी आपण 'केंद्र सरकारचं लायसन्स' म्हणून मोकळं व्हायचं. आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या काकूंच्या डोक्याला तार लागणार नाही इतकी ती उंच ठेवा. माझ्याविरुद्धची एकमेव लेखी तक्रार याच कारणाने आली होती.

बागेचा तारेचा मांडव आयता आहे. तोच ॲन्टेना म्हणून वापरला तर?

हा प्रश्न दिंडोरी-पिंपळगावकडून दर हंगामात येतो आणि मोह मला कळतो. एकरभर ताणलेली जीआय तार फुकट पडलेली दिसते. पण नको. तार जमिनीपासून माणसाच्या उंचीवर, तिला धरणारे लोखंडी अँगल जमिनीत रोवलेले, वर ओल्या पानांचं छत. सगळी पॉवर वेली आणि माती तापवण्यात जाते. शिवाय खाली बाया घड विरळायला उभ्या असतात, त्यांच्या हाताला चटका बसला तर काय सांगणार?

मांडवाचा दुसरा उपद्रव लपलेला असतो. गंजलेल्या गाठी डायोडसारख्या वागतात. जवळपास जोराचं मीडियम वेव्ह स्टेशन असेल तर दोन स्टेशनांची भेसळ करून तिसरीकडेच टाकतात. तुम्हाला १६० मीटरवर मध्येच कीर्तन ऐकू यायला लागलं तर देवाची कृपा समजण्याआधी मांडवाच्या गाठी हलवून पाहा.

द्राक्षबागेची खरी देणगी म्हणजे लांब, सरळ, मोकळा बांध. १६० मीटरला ऐकण्यासाठी बेव्हरेज नावाची तार लावतात. दीड-पावणेदोनशे मीटर लांब, जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच, रेडिओकडच्या टोकाला ९:१ चा ट्रान्सफॉर्मर आणि दूरच्या टोकाला साडेचारशे ओहमचा रेझिस्टर जमिनीत. ती ज्या दिशेला तोंड करून असते तिकडचंच प्रामुख्याने ऐकते, मागचं-बाजूचं दाबते. युरोपसाठी तोंड वायव्येला. शहरात कोण देणार एवढी जागा? आमच्याकडे बांधावरच्या बांबूंवर ती उभी राहिली, मेव्हण्याने फक्त 'ट्रॅक्टरला आडवी येऊ देऊ नका भाऊजी' एवढीच अट घातली.

१६० वर पाठवायचं तर टॉवर लागतो का?

टॉवर नको, जमीन नीट करा. पाव लहरीची तार १.८४ मेगाहर्ट्झला सुमारे ३९ मीटर होते. १२ मीटर उभी आणि उरलेली २७ मीटर आडवी, उलट्या एल सारखी. बारा मीटरचा खांब गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडून होतो.

आता हिशेब पाहा. एवढ्या बुटक्या तारेचा उत्सर्जन-रोध (हवेत जाणाऱ्या पॉवरचा वाटा ठरवणारा आकडा) आठेक ओहम भरतो. जमिनीतली गळती वीस ओहम असेल तर १०० वॅटमधले अठ्ठावीसच हवेत जातात, बाकी गांडुळं शेकतात. गळती आठवर आणली की निम्मी पॉवर बाहेर पडते. नवा अँप्लिफायर घेण्याआधी हे करा. त्यासाठी जमिनीवर खांबाच्या पायापासून छत्रीच्या काड्यांसारख्या तारा पसरायच्या. भंगारवाल्याकडची जुनी वायरिंगची तार चालते. तेवढ्याच तारेत चार लांबलचक काड्यांपेक्षा तीस आखूड काड्या, दहा-पंधरा मीटरच्या, जास्त कामाला येतात.

मातीही बघावी लागते. निफाडची काळी जमीन ओल धरते तोवर चांगली वाहक असते, एप्रिल-मेमध्ये भेगाळली की बदलते आणि तुमचं ट्यूनिंग सरकतं. त्र्यंबक-अंजनेरीकडे वीतभर मुरमाखाली सरळ काळा पाषाण लागतो, तिथे काड्या दुप्पट करा. आणि त्या रोटाव्हेटरच्या वाटेत टाकू नका. माझ्या अकरा काड्या एका सकाळी रोटाव्हेटरच्या पात्यांना शेवयांसारख्या गुंडाळलेल्या मिळाल्या. त्या सोडवायला दुपार गेली, चालक सगळा वेळ विडी ओढत शांतपणे बघत होता.

आणखी एक: आडव्या भागाच्या मोकळ्या टोकाला हजारो व्होल्ट असतात. पहिल्या वर्षी मी ते टोक साध्या सुतळीने आंब्याच्या फांदीला बांधलं. पावसात सुतळी भिजली, मी सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) द्यायला लागलो आणि एसडब्ल्यूआर (तारेतून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) नाचायला लागला. सकाळी पाहिलं तर सुतळी काळीठिक्कर, पानाला नाण्याएवढं जळकं भोक. आता टोकाला चांगला इन्सुलेटर आणि मग नायलॉनची दोरी.

एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) सारखा नऊवर असतो. हा गोंगाट येतो कुठून?

इथे थोडं थांबतो, कारण खालच्या पट्ट्यांचं खरं भांडण हेच आहे. पाठवायला शंभर वॅट सगळ्यांकडे असतात, ऐकायला शांत जागा कुणाकडेच नसते.

फ्लॅटमध्ये: एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा ॲडॅप्टर, लिफ्टचा ड्राइव्ह, शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, गच्चीवरचं सोलर. शोधायची पद्धत जुनी पण पक्की. रेडिओ बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच पाडा. गोंगाट गेला तर चोर घरातच, मग एकेक एमसीबी उचलत जा. नाही गेला तर खिशातला मीडियम वेव्हचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावून जिन्यात फिरा. स्वस्तातला चार्जर सापडला की त्याच्या वायरीला फेराइटच्या कड्यातून सात-आठ वेढे द्या किंवा सरळ बदला.

शेतात शांत असेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. डिसेंबरातली रात्र होती. निफाडची थंडी माहीत असेलच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे आकडे दरवर्षी पेपरात येतात. शेतात थ्री फेज रात्रीची असल्यामुळे साडेदहाला वीज आली आणि पंपांच्या स्टार्टरांची कडकड सुरू झाली. ती थांबली तरी एक टिकटिक राहिली: सेकंदाला एक, घड्याळासारखी. १६० वर एस-नाइन. ऑस्ट्रियाचा एक स्टेशनवाला त्या टिकटिकीच्या फटींतून ऐकू येत होता, पण कॉलसाइनचं (स्टेशनच्या सांकेतिक नावाचं) शेवटचं अक्षर दर वेळी नेमकं तिच्याखाली यायचं.

मेव्हण्याला उठवलं. तो तसाही पाण्यासाठी जागाच होता. दोघं खिशातला रेडिओ कानाला लावून बांधाबांधाने निघालो. हातात बॅटरी आणि काठी, कारण गोदाकाठच्या उसात बिबट्या असतो, हे गमतीत घेऊ नका. दोन बांध ओलांडले, टिकटिक वाढली. शेजारच्या मक्याला झटका मशीनचं कुंपण होतं आणि एका जागी वाढलेलं गवत तारेला टेकलेलं. दर सेकंदाला तिथे निळी ठिणगी उडत होती, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. विळ्याने गवत कापलं. परत येऊन हेडफोन लावला तर मागे फक्त लांबचा समुद्रासारखा घोष. ऑस्ट्रियावाला अर्थातच निघून गेला होता.

डीपीवरची सैल जोडणी किंवा खांबावरचं धुळकटलेलं चिनीमातीचं इन्सुलेटर हाही नेहमीचा गुन्हेगार. सैल जोडणी कोरड्या हवेत बडबडते, दव पडलं की बहुधा गप्प बसते. खांबाला काठीने ठोकून बघण्याचा सल्ला काही जुनी पुस्तकं देतात. तो पाळू नका, वायरमनला सांगा.

कुठला महिना, कुठली वेळ, कुठला देश?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर छाटणीनंतर घड भरत असतात तो काळ आणि आपला हंगाम एकच. मार्चअखेरपासून अवकाळीचे ढग सुरू होतात, मग मान्सून, मग परतीचा पाऊस. हजार किलोमीटरवर वीज चमकली तरी १६० मीटरवर ती तुमच्या कानात फुटते.

डिसेंबरअखेरीस नाशिकला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या सुमाराला उगवतो. दिवस मावळला की पूर्वेकडचे, जपान वगैरे, त्यांच्या रात्रीत असतात. ते पहाटे साडेतीनपर्यंत, म्हणजे त्यांच्याकडे उजाडेपर्यंत. पश्चिम युरोपात अंधार पडतो तो आपल्या रात्री साडेनऊ-दहाला, तिथून सकाळी सातपर्यंत वाट उघडी. अमेरिकेचा पूर्व किनारा पहाटे तीन ते सात. हा रस्ता ध्रुवाजवळून जातो, त्यामुळे चुंबकीय वादळाच्या दिवशी तो बंद समजा. के-निर्देशांक (चुंबकीय गडबडीचं माप) चारच्या वर गेला की मी सरळ झोपतो.

उगवती-मावळतीची वेळ चुकवू नका. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर दोन्ही ठिकाणं एकाच वेळी आली की पाच-दहा मिनिटं सिग्नल असा उसळतो की खुर्चीतून उठायला होतं. डिसेंबरात न्यूयॉर्कचा सूर्योदय आणि नाशिकचा सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी होतो, पंधरा मिनिटांच्या फरकाने. ४० मीटरवर तेव्हा कान लावून बसा. बायको चहाला हाक मारते तीही नेमकी तेव्हाच.

सौरचक्र २५ चा, म्हणजे सूर्यावरचे डाग वाढण्या-घटण्याच्या चालू फेरीचा, कळस २०२४ मध्ये येऊन गेला. डाग कमी होत जातील तशी वरच्या पट्ट्यांवर ओरड होईल, आपले दिवस मात्र सुधारतील.

आवाज, मोर्स की एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची पद्धत)?

दहा मेगाहर्ट्झच्या खाली आवाजाला लोअर साइडबँड (सिग्नलची खालची बाजू तेवढी पाठवणं) वापरायचा रिवाज आहे. गप्पांना ४० आणि ८०. एफटी८ ची ठिकाणं ७.०७४, ३.५७३ आणि १.८४० मेगाहर्ट्झ. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात, संगणकाचं घड्याळ सेकंदभराच्या आत बरोबर हवं. गोंगाटाच्या कितीतरी खाली दबलेला सिग्नलही तो वाचतो, म्हणून फ्लॅटवाल्यांना वरदान. तरीही दोन यंत्रं परस्पर नमस्कार करतात आणि आपण चहा पितो, यात मला मजा येत नाही. हा माझा दोष समजा.

विस्पर मात्र जरूर लावा. एक वॅट किंवा कमी, दोन मिनिटांचा संदेश, आणि जगातले रिसीव्हर तुम्ही किती जोरात आलात ते नकाशावर टाकतात. रात्रभर चालू ठेवलंत तर डी थर कधी विरला हे सकाळी आकड्यांत दिसतं. हे आणि एफटी८, दोन्हींमागे डोकं जो टेलर यांचं, ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पल्सारवरच्या कामासाठी.

१३७ किलोहर्ट्झवर काही करता येईल का?

तिथली लहर २१९० मीटरची, पाव लहर साडेपाचशे मीटरची. आपला तोच बारा मीटरचा खांब तिथे एका ओहमच्या विसाव्या भागाएवढा उत्सर्जन-रोध दाखवतो. गळती ५० ओहम धरली तर १०० वॅट घालून एक दशांश वॅटसुद्धा बाहेर पडत नाही. म्हणून परवानगीची मर्यादा एक वॅट असली तरी ती गाठणं हेच कर्तृत्व. जिथे हे चालतं तिथली मंडळी मोर्सचा एकेक ठिपका तीन, दहा, कधी तीस सेकंद लांब धरतात आणि कानाने न ऐकता पडद्यावर रेघ वाचतात. एक कॉलसाइन पोचायला अर्धा तास.

तुम्ही त्याच्याही खाली उतरून बघा, तेही फुकटात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. ते पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर पाठवतं, कारण इतक्या खालच्या लहरी समुद्राच्या पाण्यात काही मीटर शिरतात. ही फ्रिक्वेन्सी संगणकाच्या साउंड कार्डातच मावते. मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून एनॅमलची तार आणा, मीटरभर चौकोनी लाकडी चौकटीवर चाळीस-पन्नास वेढे द्या, टोकं माइकच्या जॅकला जोडा आणि वॉटरफॉल (फ्रिक्वेन्सींचं सरकतं चित्र) दाखवणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर लावा. १८.२ ला उभी रेघ. मजकूर गुप्त असतो, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तिची उंची दिवसभर नोंदवत राहा. सूर्यावर भडका उडाला की डी थर एकदम दाट होतो, ही रेघ उडी मारते आणि त्याच क्षणी वर ४० मीटर बसतो. शाळेतल्या मुलांना दाखवायला यासारखा प्रयोग नाही.

येवल्याचा पतंग लावून तार वर नेली तर?

संक्रांतीला येवल्यात आकाश दिसत नाही आणि आसारी फिरवणारे हात बघितले की हा विचार येतोच. पतंगाने तार उचलणं ही रेडिओइतकीच जुनी युक्ती आहे, १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा सिग्नल पतंगाच्याच तारेवर ऐकला. पण तीन गोष्टी: विजेच्या तारा पतंगाच्या उंचीच्या दुपटीइतक्या अंतरात नकोत. ओझर आणि देवळालीच्या आसपास विचारल्याशिवाय काहीही उडवायचं नाही. आणि निरभ्र, कोरड्या वाऱ्यातही लांब तारेवर स्थिर विद्युत साठते, तेव्हा तारेपासून जमिनीपर्यंत मोठ्या किमतीचा रेझिस्टर कायमचा जोडा, नाहीतर रिगचं (रेडिओ सेटचं) पुढचं टोक जातं. गर्दीच्या दिवशी येवल्यात तर नाहीच, तिथे तुमची तार कापायला पंधरा गच्च्या टपलेल्या असतात.

पावसाळ्यात काय करायचं?

विजा पडतात, म्हणून ॲन्टेनाची केबल काढून ठेवा. खिडकीबाहेर, घरात नव्हे. सोल्डरिंगची कामं उरका.

कुठली रिग घ्यावी?

जुनी, पण १६० मीटर असलेली. विकणाऱ्याला तुमचं लायसन्स दाखवायला लाजू नका आणि तो विचारत नसेल तर तिथून घेऊ नका. हाताने बनवायची हौस असेल तर हैदराबादच्या अशहर फरहान यांचं बिटएक्स घ्या. साध्या, बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनणारी रिग म्हणून ती जगभर गेली. सात वॅटच्या बिटएक्सवर ४० मीटरवरून मी गुवाहाटीशी बोललोय, आणि त्या दिवशीचा आनंद शंभर वॅटवाल्या रिगने कधी दिला नाही.

सिंहस्थात याचा उपयोग होईल का?

गर्दीत मोबाइलची जाळी तुंबतात, हे रामकुंडावर पर्वणीला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. घाटावरच्या घाटावर व्हीएचएफ पुरेल. पण नाशिक-त्र्यंबकहून मुंबई-पुण्याशी, मधलं काहीही चालू नसताना, बोलायचं तर वर सांगितलेला बुटका डायपोल आणि कारची बॅटरी एवढं बास होतं. २००१ च्या भुज भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात हॅम मंडळींनी हेच केलं. मात्र प्रशासनाशी आधी बोलून, ठरवून. ऐनवेळी गळ्यात सेट अडकवून बॅरिकेडपाशी उभं राहिलात तर पोलीस पहिल्यांदा तुम्हालाच बाजूला घेतील. आणि सराव आत्तापासून: दर रविवारी सकाळी ८ ला ४० मीटरवर येऊन नाशिक-पुणे एकेक संदेश लिहून घ्या, वाचून दाखवा, चुका मोजा. पहिल्या रविवारी आमच्या अठरा शब्दांत पाच चुकले होते.

क्यूएसएल कार्ड (बोलणं झाल्याची पावती) १६० मीटरचं वेगळं येतं का?

कार्ड तेच, फक्त पट्ट्याच्या रकान्यात १.८ लिहिलेलं असतं. झटका मशीनच्या रात्री निसटलेला तो ऑस्ट्रियावाला मला फेब्रुवारीत पहाटे सव्वासहाला सापडला. कार्ड यायला चौदा महिने लागले. मागे त्याने हाताने लिहिलंय की डिसेंबरातही त्याने मला ऐकलं होतं, तीनदा हाक मारली होती.